दोन बिलांचं गणित

मैत्रिणींनो, दुपारी जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला आणि घर जरा शांत झालं की तुम्ही काय करता? कुणी वामकुक्षी घेते, कुणी विणकाम काढते, कुणी मालिकेचा राहिलेला भाग पाहते. गेलं वर्षभर या वेळेत मी काय करत होते ते सांगितलं तर तुम्ही हसाल. मी विद्यापीठातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं गणित शिकत होते. त्या विषयाचं नाव रेषीय बीजगणित. इंग्रजीत त्याला लिनिअर अल्जिब्रा म्हणतात.

हसलात ना? आमच्याकडेही सगळे हसलेच होते. मी बी.ए. झालेली, तेही अर्थशास्त्र घेऊन. वय अडतीस. सकाळी एका खाजगी शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना अर्धवेळ शिकवते. उरलेला वेळ घर, सासूबाई, दोन मुलं आणि आमचे हे. अशा बाईला हे भिकेचे डोहाळे कुठून लागले, असं तुम्हांला वाटणं साहजिक आहे. म्हणून आधी त्यामागचं कारण सांगते. ते सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगते.

माझी लेक यंदा दहावीला आहे. गेल्या वर्षी नववीच्या सहामाहीत तिला गणितात काठावरचे गुण मिळाले. मी प्रगतीपुस्तकावर सही करत होते, तेव्हा ती अगदी सहजपणे म्हणाली, "जाऊ दे ना आई. मी तुझ्यावर गेलेय. आपल्याला नाही जमत गणित. मी आपली आर्ट्‌सला जाईन."

हातातलं पेन तसंच राहिलं हो माझ्या! कारण ते वाक्य तिचं नव्हतंच, माझं होतं. "बाबांना विचार, मला गणित जमत नाही," असं मी तिच्या लहानपणापासून शंभरदा तरी म्हटलं असेन. आणि खरं सांगायचं तर ते खोटं होतं. दहावीला मला गणितात दीडशेपैकी १३१ गुण होते. आमच्या गावी तेव्हा सायन्सचं कॉलेज नव्हतं. एस.टी.नं जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागे. घरातून एकालाच पाठवणं परवडणार होतं आणि तो एक म्हणजे माझा भाऊ, हे कुणी बोलून दाखवायचीही गरज पडली नाही. मी गावातल्या कॉलेजात आर्ट्‌सला गेले. कुणी विचारलं की सांगायचे, "मला गणिताची आवड नाही." सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. मिळालं नाही म्हणण्यापेक्षा नकोच होतं म्हणणं सोपं असतं, नाही का?

पण त्या खोट्याचं ओझं लेकीच्या डोक्यावर जाऊन बसेल, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिला उपदेश करून काही उपयोग नव्हता, कारण पोरी आपलं ऐकत नाहीत, त्या आपल्याकडे बघतात. मग ठरवलं की आपण स्वतःच गणित करायला बसायचं, तिच्या डोळ्यांदेखत. तेही तिच्या पुस्तकातलं नाही, त्यापुढचं.

शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेनं मला वाट दाखवली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एम.आय.टी. नावाची मोठी संस्था आहे. तिथे गिल्बर्ट स्ट्रँग नावाचे प्राध्यापक होते. १९६२ पासून ते तिथे शिकवत होते आणि २०२३ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या रेषीय बीजगणिताच्या वर्गाचं चित्रण १९९९ साली झालं. ही सारी व्याख्यानं जगात कुणालाही फुकट पाहता येतात. सोबत गृहपाठ आहेत, परीक्षेचे पेपर आहेत, त्यांची उत्तरंही आहेत. प्रमाणपत्र मात्र मिळत नाही. मला ते नकोच होतं.

पहिलं व्याख्यान फोनवर लावलं, तेव्हा मला वाटलं होतं की फळ्यावर काहीतरी अगम्य लिहिलेलं दिसेल. पण त्या गृहस्थांनी खडू हातात घेऊन लिहिली फक्त दोन समीकरणं! आपण नववी-दहावीत सोडवायचो, अगदी तसलीच. दोन चलं आणि दोन समीकरणं. मी म्हटलं, अरेच्चा, हे तर मला येतंय!

आता तुम्ही म्हणाल, आम्हांला नाही बाई आठवत ते. मग आपल्या भाषेत सांगते. समजा, वाण्याकडून दोनदा सामान आणलं. पहिल्या खेपेला १ किलो तूरडाळ आणि २ किलो साखर, बिल २५० रुपये. दुसऱ्या खेपेला २ किलो डाळ आणि १ किलो साखर, बिल ३६५ रुपये. भाव काही लिहिलेले नाहीत. तर डाळ काय भावानं दिली आणि साखर काय भावानं?

हे उदाहरण मी जेवणाच्या टेबलावर घातलं होतं. आमच्या ह्यांनी कागद मागितला. लेकीनं "एक्स मानू, वाय मानू" सुरू केलं. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्या म्हणाल्या, "अगं, पहिलं बिल दुप्पट कर की! दोन किलो डाळ नि चार किलो साखर, पाचशे रुपये. त्यातनं दुसरं बिल वजा कर. डाळ गेली उडून. उरली तीन किलो साखर, एकशे पस्तीस रुपये. म्हणजे साखर पंचेचाळीस. अडीचशेतनं नव्वद गेले की डाळ एकशे साठ. याला काय कॉलेज लागतं?"

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघतच राहिलो. मैत्रिणींनो, सासूबाईंनी लसूण सोलता सोलता जे केलं, तेच या सगळ्या विषयाचं मूळ आहे. एका चलाचा लोप करायचा, उरलेलं शोधायचं आणि मग मागे येत येत सगळी उत्तरं काढायची. जर्मन गणितज्ञ गाउस याच्या नावानं आज ही रीत ओळखली जाते. पण चीनमध्ये साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'नऊ प्रकरणं' या गणिताच्या ग्रंथात ती सविस्तर दिलेली आहे. तिथलं उदाहरण धान्याच्या पेंढ्यांचं आहे. उत्तम प्रतीच्या ३, मध्यम २ आणि हलक्या प्रतीची १ पेंढी झोडपली की ३९ मापं धान्य निघतं. २, ३ आणि १ अशा घेतल्या तर ३४ मापं. १, २ आणि ३ घेतल्या तर २६. मग प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीत धान्य किती? उत्तर ओळीनं सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन मापं. ताळा करून बघा, अगदी चोख जुळतो. हे चिनी उदाहरण मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथंही बायाच हिशेब ठेवत असतील."

आता वाण्याच्या बिलांकडेच परत येते. समजा, दुसरं बिल २ किलो डाळ, ४ किलो साखर, ५०० रुपये असं असतं तर? तर ते पहिल्याचीच दुप्पट झाली असती. कागद दोन, पण माहिती एकच. अशा बिलांवरून भाव काही नक्की सांगता येत नाही. डाळ दीडशे नि साखर पन्नास म्हटलं तरी जुळतं आणि डाळ १६० नि साखर ४५ म्हटलं तरी जुळतं. आणि त्याच सामानाचं बिल ५१० आलं तर? तर कोणताच भाव दोन्ही बिलांना जुळणार नाही. मग समजावं की मधे भाव बदलला, नाहीतर वाण्याची बेरीज चुकली! समीकरणांचं असंच असतं. एकच उत्तर, नाहीतर अगणित उत्तरं, नाहीतर एकही नाही. चौथा प्रकार नाही. समीकरणं दोन असोत की दोन हजार, हा नियम बदलत नाही.

ज्या समीकरणात स्वतःची नवी माहिती असते, जे दुसऱ्यांवरून तयार करता येत नाही, त्याला 'रेषीय दृष्ट्या स्वतंत्र' म्हणतात. आणि जे नुसतं दुसऱ्याचीच पट असतं, ते परावलंबी. हे शब्द वहीत लिहिताना मी थबकले. 'मला गणित जमत नाही' हे माझं मत कुणाच्या बिलाची दुप्पट होती?

वाटतं तितकं सगळं सोपं मात्र गेलं नाही हं! पहिली अडचण भाषेची. माझं सारं शिक्षण मराठीतून झालेलं. प्राध्यापक भले सावकाश बोलत, पण मला एकेक व्याख्यान तीन-तीनदा ऐकावं लागे. मग मी एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला माझ्या मराठीतला अर्थ. 'व्हेक्टर' म्हणजे सदिश, 'डिटर्मिनंट' म्हणजे निश्चयक. मॅट्रिक्सला मात्र मी मॅट्रिक्सच ठेवलं. आकड्यांची आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेली मांडणी म्हणजे मॅट्रिक्स. आपण दिवाळीला फराळाचा तक्ता करतो ना, एका बाजूला लाडू, चिवडा, शंकरपाळे आणि दुसऱ्या बाजूला रवा, साखर, तूप, तसाच. कुणाकडे किती डबे द्यायचे ते ठरलं की त्या तक्त्याला डब्यांच्या आकड्यांनी गुणायचं, आणि एकूण सामान किती लागेल त्याची यादी तयार!

हे नाव कुठून आलं ते वाचलं तेव्हा तर मला फार गंमत वाटली. १८५० साली सिल्व्हेस्टर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं हा शब्द गणितात आणला. मॅट्रिक्स हा लॅटिन शब्द आणि त्याचा अर्थ गर्भाशय. या मांडणीच्या पोटातून अनेक निश्चयक जन्माला येतात, म्हणून हे नाव. आणि हा शब्द आला 'मातेर' म्हणजे आई यावरून. आपल्या 'मातृ' शब्दाचा तो नातलगच. ज्या विषयापासून मुलींनी लांब राहावं असं आमच्या घरात न बोलता ठरलं होतं, त्या विषयाच्या पोटात आईच बसलेली निघाली!

मॅट्रिक्सचा गुणाकारही मोठा मजेशीर असतो. साध्या आकड्यांत पाच सत्ते नि सात पंचे एकच. इथे क्रम बदलला की बहुधा उत्तर बदलतं. तेल तापवून मोहरी टाकणं आणि मोहरी टाकून मग तेल ओतणं एकच आहे का? तसंच हे. आणि केलेलं उलट करायचं असेल तर क्रमही उलटा करावा लागतो. शाळेचा डबा भरताना आपण आधी झाकण लावतो, मग पिशवीत घालतो. उघडताना मात्र आधी पिशवी, मग झाकण. पुस्तकात एक ओळभर चिन्हं होती. ती मला डब्यावरून कळली.

सात-आठ व्याख्यानांनंतर मात्र माझी गाडी अडली. व्हेक्टर स्पेस, नल स्पेस अशी प्रकरणं सुरू झाली. ऐकताना कळल्यासारखं वाटे, वही मिटली की डोक्यात अंधार. त्यात पाहुणे आले, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं निघालं, शाळेत तपासायला पेपर आले. ह्यांनी एकदा विचारलं, "याचा पुढे उपयोग काय गं?" रागानं नाही विचारलं. पण मला उत्तर देता आलं नाही. महिनाभर वही कपाटात पडून राहिली. मनात म्हटलं, बघ, शेवटी जमलं नाहीच.

त्या महिन्यात मी या विषयाचा इतिहास तेवढा वाचला. त्यात हेरमान ग्रासमान भेटले. हे जर्मनीतल्या स्टेटिन गावचे शाळामास्तर. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. १८४४ साली त्यांनी एक पुस्तक लिहिलं. आज आपण ज्याला रेषीय बीजगणित म्हणतो, त्यातल्या कितीतरी कल्पना त्या पुस्तकात आहेत. पण तेव्हा ते कुणी वाचलंच नाही. न विकलेल्या प्रती रद्दीत गेल्या. विद्यापीठात जागा त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही, शाळेतच शिकवत राहिले. पुढे ते संस्कृतकडे वळले आणि १८७३ ते १८७५ या काळात त्यांचा ऋग्वेदाचा कोश छापून आला. वेदांचे अभ्यासक आजही तो कोश वापरतात. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात हे सारं! त्यांच्या घरी अकरा मुलं झाली. ती सांभाळणाऱ्या बाईला दुपारी वही उघडायला मिळाली असती तर, असंही माझ्या मनात आलंच. पण त्या मास्तरांकडे पाहून मला उभारी आली. आपल्याला तर कुणी वाचावं, वाखाणावं अशीही अपेक्षा नाही. मग थांबायचं कशासाठी?

आणि एके दिवशी शाळेतून परत आले तो माझी वही टेबलावर उघडी. लेक पेन्सिल घेऊन बसलेली. म्हणाली, "आई, तुझा निश्चयक चुकलाय. इथे वजा वजा अधिक होतं. आणि या पानावर तू तेच उदाहरण चारदा खोडलंयस!"

मी म्हटलं, "हो. चारदा चुकलं, पाचव्यांदा आलं."

ती वही चाळत राहिली. खोडलेली पानं, प्रश्नचिन्हं, समासात लिहिलेलं 'हे कळलं नाही'. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं, ज्यांना गणित येतं त्यांचं चुकतच नाही."

मैत्रिणींनो, वर्षभराच्या खटाटोपात मला काय मिळालं, असं कुणी विचारलं तर मी हे एक वाक्य सांगेन. आपली मुलं आपल्याला चुकताना पाहतच नाहीत हो. भाजी खारट झाली तर आपण ती वाटीभर पाणी घालून सारखी करतो आणि पुढे वाढतो. चुकणं, खोडणं, पुन्हा मांडणं हे त्यांच्यासमोर आपण कधी करतो?

त्यानंतर आम्ही दोघी संध्याकाळी एकाच टेबलाशी बसू लागलो. तिची दोन चलांची समीकरणं, माझी चार चलांची. तिच्या पुस्तकातली क्रेमरची पद्धत तिनं मला पुन्हा शिकवली. मी तिला दोन्ही बाजूंनी पाहायला शिकवलं. बिलं आडवी वाचली तर प्रत्येक ओळ म्हणजे एक रेषा, आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे उत्तर. उभी वाचली तर डाळीचा एक रकाना, साखरेचा एक रकाना. डाळीचा रकाना १६० पट आणि साखरेचा ४५ पट घेऊन बेरीज केली की बिलांच्या रकमा तयार. गणित एक, पाहण्याच्या तऱ्हा दोन. हे कळलं त्या दिवशी ती टाळ्या वाजवून हसली होती.

मग मी परीक्षा द्यायची ठरवली. पहिल्या चाचणीचा जुना पेपर कागदावर उतरवून घेतला. रविवारी दुपारी खोलीचं दार लावलं, घड्याळात पन्नास मिनिटं लावली. बाहेर ह्यांनी स्वतः खिचडी टाकली आणि मुलाला "आईचा पेपर चाललाय, आवाज नको," असं दटावलं. हे मी आतून ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पेपर मी स्वतःच तपासला, अगदी कडक मास्तरीण होऊन. शंभरपैकी ४६! कॉलेजातही एवढे कमी गुण मला कधी पडले नव्हते. दोन आठवडे त्याच प्रकरणांचा पुन्हा अभ्यास केला आणि दुसऱ्या वर्षाचा पेपर सोडवला. ७१ मिळाले. तो कागद मी दुसऱ्या कुणाला नाही, सासूबाईंना आधी दाखवला. त्यांनी साखरेची चिमूट हातावर ठेवली.

ह्यांच्या प्रश्नाचं उत्तरही मला आता देता येतं. फोनमधला फोटो म्हणजे आकड्यांचा मोठा तक्ताच असतो. तो फिरवला, लहान केला की आत मॅट्रिक्सचं गणित चालतं. गूगल शोधून देताना कोणतं पान वर दाखवावं, याची १९९८ सालची मूळ रीतही याच विषयातल्या 'आयगेन व्हेक्टर' नावाच्या कल्पनेवर उभी आहे. पण खरं सांगू? माझ्यापुरता उपयोग याहून जवळचा आहे. वर्गात एखादी मुलगी "बाई, मला नाही जमत," म्हणाली की पूर्वी मी "असू दे," म्हणायचे. आता म्हणते, "कुठे अडलं ते दाखव."

तुमच्यापैकी कुणाला असं काही शिकावंसं वाटलं, तर दोन गोष्टी अनुभवानं सांगते. वेळ ठरलेली ठेवा, मग अर्धा तास का असेना. नुसतं ऐकू नका, हातानं उदाहरणं सोडवा. पोळ्या पाहून पोळ्या लाटता येत नाहीत. अडलं तर मागच्या पानावर जा, त्यात कमीपणा नाही. आणि वही लपवू नका, घरात सगळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवा.

माझी अजून बरीच व्याख्यानं बाकी आहेत. आणि लेकीचं म्हणाल, तर ती अजूनही आर्ट्‌सलाच जाणार म्हणते. तिला इतिहास मनापासून आवडतो. मी अडवणार नाही. परवा तिच्या आत्यानं फोनवर विचारलं, "का गं, गणित जमत नाही म्हणून का?"

लेक म्हणाली, "नाही आत्या, गणित जमतं मला. इतिहास जास्त आवडतो."

मी स्वयंपाकघरात होते. कुकरची शिट्टी झाली म्हणून पुढचं ऐकू आलं नाही. पण मला तेवढंच ऐकायचं होतं.